आपल्याच खटल्यात काझी

नागरिकशास्त्राच्या तासाला मुले मला हमखास विचारतात, "सर, अध्यक्षच चुकले तर?" उत्तर राज्यघटनेच्या कलम ९४ मध्ये आहे. लोकसभेच्या अध्यक्षांना हटवायला १४ दिवस आधी नोटीस लागते आणि सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचे बहुमत लागते. नुसत्या हजर सदस्यांचे पुरत नाही.

१८ डिसेंबर १९५४ रोजी असा ठराव लोकसभेत प्रथमच चर्चेला आला. अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर. ते निःपक्षपाती राहिले नाहीत, असा विरोधकांचा आक्षेप होता. काँग्रेसचे बहुमत प्रचंड. ठराव पडणार हे उघड होते, आणि तो पडलाच. पण चर्चेच्या वेळी अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. कलम ९६ तेच सांगते: अशा वेळी अध्यक्षांना बोलता येते, मतही देता येते, पण कामकाज चालवता येत नाही. आपल्याच खटल्यात काझी होता येत नाही.

थोड्यांना ठराव जिंकता येत नाही. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच परवानगीने बोलावे लागू नये, एवढी सोय त्यांना हवीच. आपल्या जमातीच्या, शाळेच्या कमिट्यांनीही हे उचलावे. सदरसाहेबांच्याच कारभाराचा विषय निघाला, तर त्यांनी तेवढ्यापुरती खुर्ची सोडावी.