‘फोस’ : प्रकाश, दिवा की विस्तव?

मूळ ग्रीक शब्द ‘फोस’. योहानाच्या शुभवर्तमानात (१:८) बाप्तिस्मा करणारा योहान ‘फोस’ नव्हता असे स्पष्ट सांगितले आहे. पुढे (५:३५) त्यालाच ‘लुख्नोस’, म्हणजे तेलाचा दिवा, म्हटले आहे. दिवा कोणीतरी लावावा लागतो, तेल सरले की तो विझतो. शुभवर्तमानकार योहानाच्या लेखी ‘फोस’ तसा नाही. यावर कोणी म्हणेल, मार्क १४:५४ मध्ये पेत्र ‘फोस’पाशी शेकत बसतो, आणि प्रेषितांची कृत्ये १६:२९ मध्ये तुरुंगाचा अधिकारी तोच शब्द वापरून दिवे मागवतो. खरे आहे, पण तिथे विस्तव आणि दिवे त्यांच्या उजेडावरूनच ओळखले आहेत. मग सरळ ‘उजेड’ का नको? बारामती-इंदापूरकडे रोजच्या तोंडचा शब्द तोच. मात्र ‘काय उजेड पाडलास!’ हा टोमणाही त्याला चिकटला आहे. शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्ण छापून निघाले. साध्या वाचकाला कळेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. तो मानूनही प्रस्तुत आवृत्तीत योहानात ‘प्रकाश’ आणि मार्कात ‘विस्तव’ ठेवला आहे.