पाच, सहा, सात हात

"त्याच्यापासून चार हात लांबच राहा," असं आपण पोरीबाळींना सहज सांगतो. चारच का, पाच का नाहीत, असं कुणी विचारत नाही, कारण हात मोजायचे नसतातच, नुसते बोलायचे असतात. आमच्या घरी मात्र हातांचा हिशेब खरोखरचा होता. निपाणी-चिकोडीकडच्या आमच्या गावात महाराज आले की बस्तीच्या अंगणात आऊ आम्हा पोरींना दंडाला धरून मागं ओढायची. "सात हात गं, सात हात! तिथनंच नमोस्तु म्हण."

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. सात हात झाले साडेदहा फूट. तेवढ्या अंतरावरून दोन्ही गुडघे एका बाजूला घेऊन, गाय बसते तसं बसून वाकायचं. याला गवासन म्हणतात. लहानपणी मला या सगळ्याचा एकच अर्थ लागला होता. बाईमाणसात असं काहीतरी आहे, जे महाराजांपासून लांब ठेवायचं असतं. तोंडानं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दंडाला धरून मागं ओढणाऱ्या हातानं सांगितलं होतं, आणि हातानं सांगितलेलं जास्त दिवस लक्षात राहतं.

पन्नाशी उलटल्यावर स्वाध्यायाला बसू लागले तेव्हा 'मूलाचार' वाचायला घेतला. मुनींच्या आणि आर्यिकांच्या आचाराचा हा आपला जुना प्राकृत ग्रंथ, वट्टकेर आचार्यांचा. त्यात ते सात हात सापडले. पण एकटे नव्हते. आर्यिकांनी आचार्यांना पाच हातांवरून, उपाध्यायांना सहा हातांवरून आणि साधूंना सात हातांवरून गवासनानं वंदन करावं, असं तिथं आहे. म्हणजे मुळात हा नियम आर्यिकांचा. आमच्या गावानं तो सरसकट सगळ्या बायकांना लावला, आणि तीन आकड्यांतला सगळ्यात लांबचा तेवढा लक्षात ठेवला.

मी तिथंच थांबले. संघात सगळ्यात मोठे आचार्य. राजाच्या दरबारात काय असतं? जेवढा मोठा माणूस, तेवढं लांब उभारायचं. इथं उलट होतं. सगळ्यात मोठ्यांच्या सगळ्यात जवळ. असं का? टीकाकार वसुनंदींनी याचं कारण दिलंय, आणि ते मोजून तीन शब्दांत आहे: आलोचना, अध्ययन, स्तुती. आचार्यांपुढं आपले दोष सांगायचे असतात. उपाध्यायांकडून शिकायचं असतं. साधूंची स्तुती करायची असते. काम वेगळं, म्हणून अंतर वेगळं.

आता आपण बायका याचा विचार आपल्या अनुभवानं करून बघू. चूक कबूल करायची तर आवाज कसा निघतो? खालचा, घशात अडकलेला. साडेदहा फुटांवरून कुणी आपली चूक सांगू शकेल का? सांगेल, पण मग ती अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल. पाठ घ्यायचा तर आवाज मध्यम लागतो. स्तुती लांबून, मोकळ्या गळ्यानं करता येते. टीकेत आवाजाचा उल्लेख नाही, ही जोड माझी आहे. पण मला ती पटते. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांनी बाईचा आवाज ऐकला होता, नुसतं बाईचं अंग बघितलं नव्हतं, असं मला वाटतं.

त्याच ग्रंथात मुनींनाही बांधलंय, हे आमच्या अंगणात कधी कुणी बोललं नाही. आर्यिका एकटी येऊन प्रश्न विचारू लागली तर एकट्या मुनीनं उत्तर देऊ नये. गणिनीला, म्हणजे संघातल्या प्रमुख आर्यिकेला, पुढं करून विचारलं तर द्यावं. आर्यिकांच्या निवासात मुनींनी बसू नये, थांबू नये. म्हणजे दोर दोन्ही टोकांना बांधलेला होता. आपल्या हातात आपलंच टोक राहिलं.

माझी एक श्वेतांबर मैत्रीण आहे. तिला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. त्यांच्याकडे गुरूच्या भोवतीच्या जागेला नावच आहे, अवग्रह. वंदन करताना आधी त्या जागेत येण्याची परवानगी मागायची, मिळाली की मगच पाऊल आत टाकायचं. साधूपुढं श्रावक किंवा साध्वीपुढं श्राविका असेल तर साडेतीन हात, आणि एकीकडे पुरुष, दुसरीकडे बाई असेल तर तेरा हात. "पण आमच्या साध्वीजींपासून पुरुषांनीही तेराच हात राहायचं हं," ती म्हणाली. हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

माणूस माणसापासून किती लांब उभा राहतो, याचं शास्त्र पाश्चात्त्यांनी फार उशिरा केलं. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली यावर पुस्तक लिहिलं. त्यानं अंतराचे चार पट्टे पाडले. दीड फुटाच्या आत अगदी जिवाभावाची माणसं. चार फुटांपर्यंत ओळखीची. बारा फुटांपर्यंत कामकाजाची. त्यापुढं सभा. अंतर बदलतं तसा आवाज बदलतो, हे तर त्यानं त्याच्याही आधीच्या पुस्तकात, १९५९ साली, मांडलं होतं. हे वाचताना मी वहीत आकडे मांडले. पाच हात म्हणजे साडेसात फूट, सहा हात नऊ, सात हात साडेदहा. तिन्ही त्याच्या तिसऱ्या पट्ट्यात बसतात, जिथं माणसं आदरानं पण कामाचं बोलतात. तेरा हात म्हणजे साडेएकोणीस फूट, ते सभेत जातात. आणि जिवाभावाची हद्द दीड फूट, म्हणजे बरोबर एक हात! यातून फार मोठं काही सिद्ध करू नये. हॉलनं स्वतःच बजावलंय की त्याची मापं मुख्यतः ईशान्य अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय माणसांवरून घेतलेली आहेत, दुसरीकडे ती वेगळी असतील. आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं म्हणायची मला हौस नाही. फरकही मोठा आहे. हॉल माणसं कशी उभी राहतात ते बघत होता. आपले आचार्य माणसांनी कसं उभं राहावं ते सांगत होते.

पण या सगळ्या हातांच्या हिशेबाला एक जागा अपवाद आहे, आणि ती आपल्या घरात आहे. चौका.

दक्षिणेतला मुनिधर्म पुन्हा उभा राहिला तो आचार्य शांतिसागर महाराजांमुळं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरचं भोज हे त्यांचं गाव. जन्म १८७२, मुनिदीक्षा १९२० साली यरनाळला, समाधी १९५५ साली कुंथलगिरीला. त्यांच्या आधी या भागात मुनी वस्तीत येताना अंगावर वस्त्र घेत आणि आहाराचं घर उपाध्ये आधीच ठरवून ठेवत, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. शांतिसागर महाराजांनी ते मोडलं. घर आधी ठरवायचं नाही, म्हणजे मग प्रत्येक घरानं दारात उभारायचं. महाराज डाव्या हातात पिंछी-कमंडलू घेऊन, उजव्या हाताची बोटं खांद्यावर ठेवून निघाले की ते आहाराला निघालेत हे गावाला कळतं. ते बोलत नाहीत, मागत नाहीत, कुणाकडे वळून बघत नाहीत. घरातली माणसं कलश-नारळ घेऊन दारात. कुणाच्या घरापुढं पाय थांबतील ते त्यांनी मनात धरलेल्या नेमावर. ही मुकी भाषा आपल्या आज्या-पणज्या या शंभर वर्षांत नव्यानं शिकल्या, आणि माझ्या मते पुरुषांपेक्षा चांगल्या शिकल्या.

चौक्यात महाराज भिंतीला न टेकता उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत आहार घेतात. घास देणारी बाई त्या ओंजळीपाशी असते. कुठले सात हात! एक हातसुद्धा नसतो. बोटाला बोट न लागता घास ओंजळीत सोडायचा, एवढंच. देणाऱ्यानं बघायचं ते ओंजळीकडे. उघडी आहे तर द्यायचं, मिटली तर थांबायचं.

मी तेरा वर्षांची होते. पहिल्यांदाच घास द्यायला उभारले होते, हातात भाताचा गोळा. घरात पाव्हणेरावळे खच्चून भरलेले. माझ्या मागं नात्यातले एक पाव्हणे अगदी पाठीला चिकटून उभारले होते. पुढं सरकावं तर महाराज, बाजूला जावं तर काकी. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, "दे की, दे की" करत, आणि तो नुसता पुढं ढकलायला नव्हता. ते वाचणाऱ्या बायकांना मी समजावून सांगायला नको. माझा हात थरथरायला लागला. आणि महाराजांची ओंजळ मिटली.

सगळ्यांचे श्वास थांबले. अंतराय झाला की काय? माझ्याकडंच बघायला लागले सगळे. तेवढ्यात आऊ कोपऱ्यातनं म्हणाली, आवाज न चढवता, "पाव्हणं, मागं सरा. पोरीला उभारायला जागा न्हाई."

ते सरले. क्षणभरानं ओंजळ उघडली. मी घास सोडला.

महाराजांनी ते बघून ओंजळ मिटली होती की तोंडातला घास संपायचा होता म्हणून, हे मला आजही माहीत नाही. आऊला विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय? जागा झाली न्हवं?" पाव्हण्यांच्या हाताबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. पण त्यानंतर ते आले की ती मला माजघरात स्वतःच्या पाठीमागं बसवून घ्यायची. राग मात्र मला तिचाच यायचा, की लपायचं ते मीच का.

'मूलाचारा'त मुनींच्या उभ्यानं आहार घेण्याच्या नियमात तीन जागा शुद्ध असाव्यात असं सांगितलंय. मुनींचे पाय जिथं आहेत ती जागा, उष्टं जिथं सांडतं ती जागा, आणि वाढणारा जिथं उभा असतो ती जागा. तिसऱ्या जागेपाशी माझं बोट कितीतरी वेळ अडकून राहिलं. देणाऱ्याची जागा! ती धरून मोजलेली होती. शुद्धीचा अर्थ तिथं जीवजंतू नसावेत, जमीन स्वच्छ असावी असाच आहे, मी त्याला ओढूनताणून वेगळं करत नाही. पण जी जागा पुसून ठेवायची, ती कुणाची तरी असावी लागते. तिथं दुसऱ्यानं पाय घालून चालत नाही.

आऊला अक्षर वाचता येत नव्हतं. चौका लावला की ती ओलं फडकं घेऊन तीन ठिकाणी भुई पुसायची, नेहमी तीनच. मला वाटायचं, म्हातारीचं सोवळं. परवा आमच्याकडं संघ आला तेव्हा सून फडकं घेऊन वाकली होती. पाटाजवळ पुसलं, खाली परात ठेवायच्या जागी पुसलं, आणि मग समोर दोन पावलं मावतील एवढं. "ते कशाला गं?" मी मुद्दाम विचारलं.

"तुमच्या आऊंची पद्धत आहे म्हणून मामंजी म्हणाले," ती म्हणाली आणि फडकं पिळायला गेली.