गोधड्यांचा स्टुडिओ

अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली मुंबईत गेले. तोवर आपल्या देशात ग्रामोफोनच्या तबकड्या निघू लागून चव्वेचाळीस वर्षं झाली होती. तरीही खाँसाहेबांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज आपल्याकडे नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचीही नाही. शिष्यांच्या गळ्यांत जे उतरलं ते आपण ऐकतो आणि मूळ आवाज कसा असेल याची कल्पना करत बसतो. एवढ्या मोठ्या माणसांची ही कथा, मग तुमच्याआमच्या घरातल्या आवाजांचं काय? माझ्या आईचा आवाज आता फक्त माझ्या कानात आहे. माझ्यानंतर तो कुठेच नसेल.

मंडळी, हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची नातवंडं. नातू चौदा वर्षांचा, नात अकराची. त्यांना पॉडकास्ट करायचा आहे. हा शब्द २००४ साली 'गार्डियन' या इंग्रजी वृत्तपत्रात बेन हॅमर्सली यांच्या लेखात आला, म्हणजे त्याला उणीपुरी दोन दशकं झाली. पण मुलं तो पोळी-भाजी म्हणावं तितक्या सहज म्हणतात. त्यांचा विषय मात्र मला फार आवडला. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे मुलांच्या आत्याआजी, एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांच्या आठवणी आणि जात्यावरच्या ओव्या मुलांना साठवून ठेवायच्या आहेत.

पहिल्या दिवशी जे ध्वनिमुद्रण झालं त्यात शेजारचा मिक्सर होता, खालची स्कूटर होती, आमचा पंखा होता आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी वन्सं होत्या. नात म्हणाली, "आजी, खोली घुमतेय. आत्याआजी डब्यात बसून बोलतेय असं वाटतंय."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे उपाय सांगायच्या आधी इतिहास सांगायचा ही माझी जुनी खोड. मुलांनी तो ऐकून घेतला, तुम्हीही घ्या.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात. बाहेरचा आवाज आत येतो ही एक, आणि आपलाच आवाज आत रेंगाळतो ही दुसरी. दोन्हींवरचे उपाय अगदी निराळे आहेत. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल त्यांना दुसरी गोष्ट समजवायला नको. वरच्या सज्जात एक टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. कारण दगड आणि चुना आवाज पीत नाहीत, परत फेकतात. आपली सिमेंटची खोली आणि फरशी हेच करतात, फक्त छोट्या प्रमाणावर.

हा घुमारा पहिल्यांदा नीट मोजला तो वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, पण तिथे व्याख्यान कळत नसे. रिकाम्या सभागृहात एक शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळे, आणि तेवढ्यात वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून गेलेला असे. काम सोपवलं तेव्हा सॅबिन सत्तावीस वर्षांचा होता. त्याने काय केलं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उसन्या आणल्या. दिवसा रहदारीचा गोंगाट, म्हणून मध्यरात्रीनंतर काम. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आणखी गाद्या टाकायच्या आणि पुन्हा मोजायचं. अंगावरच्या कपड्यांनीही फरक पडतो हे लक्षात आल्यावर तो दरवेळी तेच कपडे घालून येऊ लागला!

त्यातून जो नियम निघाला तो साधा आहे. खोली जितकी मोठी तितका घुमारा जास्त, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो कमी. मोजमापासाठी त्याने उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. याच नियमावर बॉस्टनचं सिंफनी हॉल उभं राहिलं आणि १९०० साली खुलं झालं.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी खोली म्हणजे १००० घनफूट. सॅबिनच्या सूत्राप्रमाणे याला ०.०४९ ने गुणायचं, ४९ आले. भिंती, छत, फरशी मिळून ६०० चौरस फूट. गिलावा शंभरातला तीन भाग आवाज पितो असं धरलं तर १८ झाले. ४९ भागिले १८, म्हणजे पावणेतीन सेकंदांच्या जवळपास. आता चार गोधड्या टांगल्या, १०० चौरस फूट, आणि गोधडी निम्मा आवाज पिते असं धरलं तर ५०. उरलेल्या भिंतींचे १५. एकूण ६५. घुमारा पाऊण सेकंदावर आला. छोट्या खोलीत सूत्र इतकं काटेकोर चालत नाही, पण दिशा बरोबर आहे. नातू म्हणाला, "आजी, हे गणित शाळेत का नसतं?"

गोधड्या टांगणं हे काही आमच्या घराचं नवल नाही. बीबीसीने १९२३ साली लंडनच्या सॅव्हॉय हिल इथे स्टुडिओ थाटला तेव्हा भिंतींवर जाड कापडाचे थर लावले होते. बोलणं स्वच्छ यायचं, पण संगीत त्यात मेल्यासारखं वाटे. म्हणून चारही भिंती झाकू नयेत. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि समोर गोधडी, खाली सतरंजी, बाजूला साड्यांचं उघडं कपाट, एवढं पुरे. अंड्यांचे ट्रे चिकटवले की खोली शांत होते असा एक समज आहे. तो पातळ पुठ्ठा बाहेरचा आवाज मुळीच अडवत नाही, आणि आतलाही फार थोडा पितो.

आता पहिली तक्रार, बाहेरचा आवाज. तो गोधडीने अडत नाही. त्याला जड भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. १९३२ साली बीबीसीचं ब्रॉडकास्टिंग हाउस झालं तेव्हा स्टुडिओ इमारतीच्या पोटात घेतले आणि भोवती कचेऱ्यांच्या खोल्या ठेवल्या, म्हणजे रस्ता दूर राहिला. आम्हीही रस्त्याकडची हवेशीर खोली सोडून मधली घेतली, जिथे एरवी धान्याचे डबे असतात. दाराखालच्या फटीत जुनं लुगडं गुंडाळून ठेवलं. पंखा बंद ठेवायचा, म्हणून एका वेळी पंधराच मिनिटं, मग दार उघडायचं आणि वन्संना पाणी द्यायचं.

तिसरी गोष्ट अंतराची. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात एका हॉटेलात गौहर जान यांचं गाणं मुद्रित करत होता तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. गायिकेला कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन गावं लागे. मायक्रोफोनवरून तबकड्या बनू लागल्या त्या १९२५ पासून. पण नियम तोच, तोंड जवळ तर खोली दूर. आम्ही एक वीत अंतर ठेवलं, आणि मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता किंचित तिरपा. नाहीतर आपल्या मराठीतले प, फ, भ फटाक्यासारखे वाजतात.

वेळ मात्र वन्संनीच ठरवली. "ओव्या कधी दुपारी म्हणतात का गं?" म्हणाल्या. दळण पहाटेचं, म्हणून ओव्याही पहाटेच्या. सॅबिनलाही रात्रच लागली होती! तेव्हा मुलं आता पाचला उठतात.

जातं तर आता घरात नाही. पण ओवी सुरू झाली की वन्संचा उजवा हात आपोआप फिरू लागतो आणि बांगड्या वाजतात. नातू म्हणाला, बांगड्या काढून ठेवायला सांगू या. मी नको म्हटलं. मिक्सर बाहेरचा, स्कूटर बाहेरची, बांगड्या मात्र ओवीतल्याच आहेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या आज 'पारी'च्या संग्रहात आहेत. सांगणाऱ्या बायका शेतात राबणाऱ्या, तुमच्याआमच्या आज्यांसारख्याच होत्या.

शेवटी एक सूचना. गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत, म्हणजे जर्मनीतल्या कारखान्यात तबकडीवर कुणाचं नाव घालायचं ते कळे. मुलांना मी तेच सांगितलं आहे, प्रत्येक वेळी नाव, गाव, तारीख बोलायची आणि फाईल दोन ठिकाणी ठेवायची. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर चांगल्या मायक्रोफोनची वाट पाहू नका. कपाटातून गोधड्या काढा आणि येत्या रविवारी पहाटेच बसा.