अ‍ॅक्सेसमधील ‘क्वेरी करप्ट’ (एरर 3340)

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या 2010, 2013 आणि 2016 या आवृत्त्यांत ही एरर 12 नोव्हेंबर 2019 च्या सुरक्षा अपडेटनंतर दिसू लागली. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली क्वेरी अचानक ‘करप्ट’ ठरली. संदेश वाचून धडकी भरते, पण माहिती शाबूत असते. घाबरून जुना बॅकअप घालणे सर्वांत वाईट: मधल्या नोंदी जातात आणि एरर तशीच राहते.

अडते ती एकाच टेबलातील नोंदी ‘व्हेअर’ अट लावून बदलणारी अपडेट क्वेरी. मायक्रोसॉफ्टने पुढच्या काही आठवड्यांत दुरुस्ती दिली. ती संगणकावर आली आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर एक गमतीशीर पळवाट आहे. फाइलची प्रत काढून टेबलाचे नाव बदलावे, समजा ‘ग्राहक’चे ‘ग्राहक_मूळ’. मग त्यातील सर्व रकाने घेणारी साधी सिलेक्ट क्वेरी ‘ग्राहक’ याच नावाने जतन करावी. जुन्या क्वेरी तिला टेबल समजून चालतात. मात्र नाव बदलण्यापूर्वी ‘नेम ऑटोकरेक्ट’ बंद हवे, नाहीतर अ‍ॅक्सेस जुन्या क्वेरींतही नवे नाव घालते.

अपडेट काढून टाकले तरी एरर जाते, पण सुरक्षेतील त्रुटी पुन्हा उघडी पडते.