क्यूब्स ओएसमधील यूएसबी उपकरणे

क्यूब्स ओएस ही झेन हायपरव्हायझरवर चालणारी, सुरक्षेला प्राधान्य देणारी मुक्तस्रोत संगणक संचालन प्रणाली आहे. तीत वापरकर्त्याची निरनिराळी कामे 'क्यूब' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र आभासी यंत्रांत विभागलेली असतात. यूएसबी उपकरणेही याच विभागणीला बांधलेली असतात. पेन ड्राइव्ह लावताच तो पडद्यावर उघडावा, हा इतर प्रणालींतील नेहमीचा अनुभव येथे येत नाही. उपकरण आधी एका वेगळ्या क्यूबमध्ये पोहोचते आणि वापरकर्त्याने सांगितल्यावरच ते पुढे दिले जाते.

त्यामुळे 'उपकरण दिसत नाही' किंवा 'जोडले जात नाही' या अडचणी नव्या वापरकर्त्यांना वारंवार येतात. त्यांपैकी काही खरे बिघाड असतात, तर काही वेळा प्रणालीने हेतुपुरस्सर केलेला अटकाव बिघाडासारखा भासतो. हा फरक ओळखणे महत्त्वाचे असते. चुकीच्या उपायाने उपकरण चालू होऊ शकते, पण ज्या संरक्षणासाठी ही प्रणाली निवडली ते संरक्षणच नाहीसे होते.

पार्श्वभूमी

यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय वंशाचे अभियंते अजय भट्ट यांचा इंटेल कंपनीतील या मानकाच्या निर्मितीत प्रमुख वाटा होता. कोणतेही उपकरण एकाच प्रकारच्या खाचेत बसावे आणि लगेच चालावे, हे या मानकाचे उद्दिष्ट होते. त्यासाठी उपकरण स्वतःची ओळख स्वतःच सांगते आणि संगणक त्या ओळखीवर विश्वास ठेवून योग्य तो ड्रायव्हर सुरू करतो. हाच विश्वास पुढे सुरक्षेच्या दृष्टीने कच्चा दुवा ठरला.

२०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा संगणकीय किडा मुख्यतः यूएसबी ड्राइव्हद्वारे पसरला. इंटरनेटशी न जोडलेल्या औद्योगिक यंत्रणांपर्यंतही तो त्यामुळे पोहोचू शकला. सीमेन्स कंपनीच्या पीएलसी नियंत्रण प्रणाली हे त्याचे लक्ष्य होते. सिमँटेक कंपनीच्या पाहणीत इराण, इंडोनेशिया आणि भारत हे सर्वाधिक बाधित देश आढळले. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी 'बॅडयूएसबी' हा हल्ल्याचा प्रकार जाहीरपणे दाखवला. पेन ड्राइव्हमधील फर्मवेअर बदलले, तर तो स्वतःला कीबोर्ड म्हणून सादर करून संगणकाला आज्ञा देऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा उपकरणात संशयास्पद फाइल नसते, म्हणून फाइली तपासणारे अँटिव्हायरस येथे अपुरे पडते.

क्यूब्स ओएसची घोषणा पोलंडच्या संशोधक योआना रुतकोव्स्का यांनी २०१० मध्ये केली आणि पहिली स्थिर आवृत्ती सप्टेंबर २०१२ मध्ये आली. २०१८ पासून मारेक मार्चिकोव्स्की-गुरेत्स्की हे प्रकल्पाचे नेतृत्व करतात.

रचना

प्रणालीच्या केंद्रस्थानी 'डोम-झिरो' हा सर्वाधिकार असलेला भाग असतो. पडदा, कीबोर्ड आणि इतर सर्व क्यूब यांवर त्याचे नियंत्रण असते. तो इंटरनेटशी जोडलेला नसतो. डोम-झिरो हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तर इतर कोणताही क्यूब सुरक्षित राहत नाही. म्हणून अनोळखी यूएसबी उपकरणाची ओळख वाचण्याचे कामही त्याच्याकडे ठेवले जात नाही.

हे काम 'सिस-यूएसबी' हा सेवा-क्यूब करतो. संगणकातील यूएसबी कंट्रोलर ही पीसीआय उपकरणे असतात व ती संपूर्णपणे सिस-यूएसबीकडे सोपवली जातात. कंट्रोलरने इतर क्यूबच्या स्मृतीत शिरकाव करू नये, यासाठी प्रोसेसरमधील आयओएमएमयू ही सुविधा वापरली जाते. इंटेलच्या संगणकांत तिला व्हीटी-डी, तर एएमडीच्या संगणकांत एएमडी-व्हीआय म्हणतात. एखाद्या घातक उपकरणाने सिस-यूएसबीवर ताबा मिळवला, तरी हल्ला प्रथम त्याच क्यूबमध्ये अडकून पडावा, असा या रचनेचा हेतू आहे.

जोडणीच्या पद्धती

सिस-यूएसबीतील उपकरण दुसऱ्या क्यूबला देण्याच्या तीन पद्धती आहेत.

१. ब्लॉक जोडणी : पेन ड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क यांसारख्या साठवण उपकरणांसाठी ही पद्धत वापरतात. येथे यूएसबी उपकरण दिले जात नाही, त्यावरील डिस्क किंवा विभाग तेवढा दिला जातो. पेन ड्राइव्हची यूएसबी बाजू सिस-यूएसबीतच राहते. त्यामुळे साठवणीसाठी हीच पद्धत अधिक सुरक्षित असते.

२. यूएसबी जोडणी : वेबकॅम, टोकन, मायक्रोकंट्रोलर बोर्ड इत्यादींसाठी संपूर्ण यूएसबी उपकरणच क्यूबला दिले जाते. यासाठी लिनक्समधील यूएसबीआयपी या तंत्रावर आधारलेली 'क्यूब्स-यूएसबी-प्रॉक्सी' वापरली जाते. येथे लक्ष्य क्यूबच्या कर्नेलचा उपकरणाशी थेट संबंध येतो.

३. कंट्रोलर सोपवणे : संपूर्ण यूएसबी कंट्रोलर एखाद्या क्यूबला दिला जातो. वेग व सुसंगती उत्तम मिळते, पण त्या कंट्रोलरवरील सर्व खाचा त्याच क्यूबच्या होतात.

पहिल्या दोन पद्धती पडद्याच्या कोपऱ्यातील उपकरणांच्या चिन्हावरून वापरता येतात. डोम-झिरोच्या टर्मिनलमध्ये 'क्यूव्हीएम-ब्लॉक', 'क्यूव्हीएम-यूएसबी' आणि 'क्यूव्हीएम-पीसीआय' या आज्ञा अनुक्रमे तिन्ही पद्धतींसाठी आहेत.

सामान्य अडचणी व निवारण

उपकरणाचा प्रवास खाच, कंट्रोलर, सिस-यूएसबी, प्रॉक्सी आणि लक्ष्य क्यूब या क्रमाने होतो. दोष शोधतानाही हाच क्रम पाळल्यास अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे लवकर कळते.

उपकरण यादीत न दिसणे

प्रथम सिस-यूएसबी चालू आहे की नाही हे पाहावे लागते. तो चालू असल्यास त्याच्या टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली जाते. येथेही उपकरण न दिसल्यास केबल, हब किंवा खाच बदलून पाहिली जाते. अनेक संगणकांत एकाहून अधिक यूएसबी कंट्रोलर असतात आणि एखादा सिस-यूएसबीकडे सोपवायचा राहून गेलेला असू शकतो. अशा वेळी काही खाचा चालतात व काही चालत नाहीत. कर्नेलच्या नोंदी 'डीमेसेज' या आज्ञेने पाहिल्यास विद्युतपुरवठ्याच्या व ओळख वाचण्यातील त्रुटी कळतात.

सिस-यूएसबी सुरू न होणे

आयओएमएमयू बायोसमध्ये बंद असणे हे याचे एक कारण असते. दुसरे कारण म्हणजे कंट्रोलर 'रीसेट' करता न येणे. एका क्यूबमधून दुसऱ्यात जाताना उपकरणाची आधीची स्थिती पुसली जावी, म्हणून क्यूब्स ओएस रीसेटचा आग्रह धरते व काही कंट्रोलर तो पाळत नाहीत. 'नो-स्ट्रिक्ट-रीसेट' हा पर्याय देऊन ही अट शिथिल करता येते. कंट्रोलर कायम एकाच क्यूबकडे राहणार असेल, तर या सवलतीचा धोका मर्यादित असतो. तोच कंट्रोलर आलटून पालटून कमी व अधिक विश्वासाच्या क्यूबना दिल्यास मात्र धोका वाढतो.

जोडणी नाकारली जाणे

क्यूब्स-यूएसबी-प्रॉक्सी हे पॅकेज सिस-यूएसबी व लक्ष्य क्यूब या दोहोंच्या टेम्प्लेटमध्ये असावे लागते. कमीत कमी सॉफ्टवेअर असलेल्या 'मिनिमल' टेम्प्लेटमध्ये ते आपोआप नसते. पॅकेज क्यूबमध्ये न बसवता टेम्प्लेटमध्ये बसवावे लागते, कारण सामान्य क्यूबमधील प्रणालीचे बदल तो बंद केल्यावर टिकत नाहीत. काल चाललेले उपकरण आज चालत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. सिस-यूएसबी 'डिस्पोजेबल' म्हणजे दर वेळी कोऱ्या स्वरूपात सुरू होणाराही ठेवता येतो. अशा वेळी त्यात केलेली कोणतीही मांडणी पुढच्या वेळी उरत नाही.

पेन ड्राइव्ह जोडूनही फाइली न दिसणे

ब्लॉक जोडणीत डिस्क लक्ष्य क्यूबमध्ये सामान्यतः 'एक्सव्हीडीआय' या नावाने येते. ती फाइल व्यवस्थापकातून किंवा आज्ञेने 'माउंट' करावी लागते. जोडणी न सोडता पेन ड्राइव्ह उपटल्यास क्यूबमध्ये मृत नोंद शिल्लक राहू शकते आणि नवी जोडणी अडते. तो क्यूब पुन्हा सुरू केल्यावर ही नोंद जाते.

वेबकॅम, ध्वनी उपकरणे व मोबाइल फोन

सातत्याने माहिती पाठवणाऱ्या उपकरणांना प्रॉक्सीतून होणारा विलंब बाधक ठरतो. वेबकॅमचे चित्र अडखळत असल्यास रिझोल्यूशन कमी केल्याने फरक पडू शकतो. मोबाइल फोन किंवा मायक्रोकंट्रोलर बोर्ड फर्मवेअर बदलताना मध्येच स्वतःची ओळख बदलतात. प्रणालीच्या दृष्टीने ते नवे उपकरण असल्याने पुन्हा जोडावे लागते.

झोपेतून उठल्यावर खाचा बंद पडणे

लॅपटॉप झोपेच्या स्थितीतून परतल्यावर काही यूएसबी कंट्रोलर पूर्ववत होत नाहीत. संबंधित ड्रायव्हरचे नाव सिस-यूएसबीतील 'सस्पेंड-मॉड्यूल-ब्लॅकलिस्ट' या फाइलमध्ये लिहिल्यास तो झोपेपूर्वी उतरवला जातो व उठल्यावर पुन्हा चढवला जातो.

कीबोर्ड व माऊस

यूएसबी कीबोर्ड हा या विषयातील सर्वांत बिकट भाग आहे. यूएसबी कीबोर्ड वापरल्यास प्रत्येक दाबलेली कळ सिस-यूएसबीतून डोम-झिरोकडे जाते. सिस-यूएसबी हल्लेखोराच्या ताब्यात असेल, तर तो पासवर्ड वाचू शकतो आणि वापरकर्त्याच्या नावाने आज्ञाही टंकित करू शकतो. म्हणून माऊस व कीबोर्डसाठी डोम-झिरोमध्ये स्वतंत्र धोरण-नियम असतात. नियमानुसार नकार असेल, तर उपकरण जोडूनही निष्क्रिय राहते. नियम 'विचारा' असा असेल, तर पडद्यावर परवानगी मागितली जाते. बहुतेक लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड यूएसबीवर नसतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

मेजावरील संगणकात यूएसबी कीबोर्ड एकमेव असेल, तर वापरकर्ता स्वतःच बाहेर अडकू शकतो. सर्व कंट्रोलर सुरुवातीपासून डोम-झिरोपासून लपवले असतील, तर डिस्क उघडण्याचा सांकेतिक शब्दही टंकित करता येत नाही. अशा वेळी ग्रबच्या यादीत, म्हणजे क्यूब्स सुरू होण्याआधी, कंट्रोलर लपवणारा कर्नेल-पर्याय तात्पुरता काढला जातो. सिस-यूएसबी आपोआप सुरू होऊन कीबोर्ड काढून घेऊ नये, यासाठी 'क्यूब्स.स्किप_ऑटोस्टार्ट' हा पर्याय जोडला जातो. प्रवेश मिळाल्यावर धोरण-नियम दुरुस्त करून मूळ मांडणी परत आणली जाते. हा तात्पुरता उपाय कायम ठेवल्यास संगणक सुरू होताना प्रत्येक यूएसबी उपकरण थेट डोम-झिरोसमोर येते. संगणकात पीएस/२ खाच असल्यास तिला जुन्या पद्धतीचा कीबोर्ड जोडणे हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.

क्यूब्स ओएस स्वतःच यूएसबी डिस्कवर बसवलेली असल्यास त्या डिस्कचा कंट्रोलर सिस-यूएसबीकडे देता येत नाही. दिल्यास डोम-झिरोची स्वतःची डिस्कच तुटते.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन

भारतात ई-निविदा, कंपनी कायद्यांतर्गत विवरणपत्रे आणि वस्तू व सेवा कराची काही कामे यांसाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते. त्याची खाजगी किल्ली सामान्यतः यूएसबी टोकनमध्ये ठेवलेली असते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील लघुउद्योग असो वा थेरगावसारख्या निवासी भागातील करसल्लागाराचे कार्यालय, असे टोकन तेथे नित्याचे साधन आहे. एकाच संगणकावर ग्राहकांनी आणलेले पेन ड्राइव्ह आणि स्वाक्षरीचे टोकन दोन्ही लावले जात असतील, तर विभागणीचे महत्त्व अधिक ठळकपणे दिसते.

क्यूब्समध्ये अशा टोकनासाठी वेगळा क्यूब ठेवून त्याला यूएसबी जोडणीने टोकन देता येते. उत्पादकाचे लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर त्या क्यूबच्या टेम्प्लेटमध्ये बसवावे लागते. टोकन यादीत दिसते पण ब्राउझरला सापडत नाही, अशा वेळी स्मार्टकार्ड सेवा लक्ष्य क्यूबमध्ये चालू आहे का, हे तपासले जाते. विंडोज क्यूबमध्ये क्यूब्स-यूएसबी-प्रॉक्सी उपलब्ध नसते. त्यामुळे केवळ विंडोजसाठी सॉफ्टवेअर असलेल्या टोकनाला संपूर्ण कंट्रोलर सोपवण्याचा मार्ग उरतो. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह मात्र ब्लॉक जोडणीने वेगळ्या, शक्यतो डिस्पोजेबल क्यूबमध्ये उघडला जातो.

संकेतस्थळांवरील दुहेरी ओळख पटवण्याच्या किल्ल्यांसाठी यूएसबी जोडणीची गरज नसते. त्यांच्यासाठी आधी यू२एफ व आवृत्ती ४.२ पासून सीटॅप ही प्रॉक्सी आहे. तीत किल्ली सिस-यूएसबीतच राहते आणि ब्राउझरच्या क्यूबकडे फक्त विचारणा व उत्तर जाते.

मर्यादा

सिस-यूएसबीमुळे धोका नाहीसा होत नाही, तो एका जागी रोखला जातो. एकाच वेळी लावलेली सर्व उपकरणे सिस-यूएसबीत एकत्र येतात. त्यामुळे एक घातक उपकरण शेजारच्या पेन ड्राइव्हवरील माहिती वाचू किंवा बदलू शकते. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून ती लक्ष्य क्यूबमध्येच उघडल्यास सिस-यूएसबीला उघडी माहिती दिसत नाही. दोन किंवा अधिक कंट्रोलर असलेल्या संगणकात विश्वासू व अविश्वासू उपकरणांसाठी दोन स्वतंत्र यूएसबी क्यूब करता येतात. अनेक लॅपटॉपमध्ये एकच कंट्रोलर असल्याने ही सोय तेथे मिळत नाही.

हेही पाहा

झेन हायपरव्हायझर, आभासी यंत्र, यूएसबी, स्टक्सनेट, डिजिटल स्वाक्षरी