मुंबईच्या पोटांतील साक्षीदार

भूगर्भशास्त्राचीं हत्यारें म्हटलीं म्हणजे हातोडा, छिन्नी, भिंग आणि सूक्ष्मदर्शक हींच वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु मुंबई बेटावरील जीवाश्मांचा इतिहास पाहूं गेल्यास या सर्वांहून मोलाचें असें एक साधन दिसून येतें. तें म्हणजे टिपणवही. वस्तु कोठें, कोणत्या थरांत, उभी कीं आडवी सांपडली, हें ज्यानें लिहून ठेविलें त्यानेंच ती बोलती केली, असें आम्हांस वाटतें.

वरळीचें उदाहरण घ्या. मुंबईचा काळा दगड हा थिजलेला लाव्हा होय. त्यांत जीवांचे अवशेष मिळावे अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. परंतु एका लाव्हाप्रवाहानंतर दुसरा येईपर्यंत मध्यें दीर्घ काळ जात असे, आणि तेवढ्या अवधींत खोलगट जागीं पाणी सांचून तळाशीं गाळ बसे. वरळीच्या टेकडीच्या परिसरांत अशाच गाळाच्या थरांत इवल्याशा बेडकांचे सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन करून त्यांस ‘राना’ या सुपरिचित प्रजातींत घातलें. पुढें ८३ वर्षांनीं, १९३० सालीं, अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ नोबल यांनीं तीं हाडें पुन्हां तपासून ‘इंडोबॅट्रॅकस’ ही निराळी प्रजाति ठरविली. नमुने जपले होते म्हणूनच ही दुरुस्ती घडली.

मुंबईंत सरकारी वैद्य असलेले हेन्री कार्टर यांनीं १८५२ सालीं या बेटाच्या भूरचनेवर निबंध लिहिला. वरळीच्या गाळांतील कांसवास त्यांनीं डॉ. लीथ यांचें नांव दिलें. याच गाळांत सिप्रिस नांवाच्या, भिंगाखालींच नीट दिसणाऱ्या जीवांचीं कवचें सांपडलीं. बेडूक, कांसव आणि कवचें यांची एकत्र साक्ष अशी कीं, आज जेथें समुद्र गर्जतो तेथें एके काळीं गोड्या पाण्याचें तळें होतें. सुटें हाड हातीं आलें असतें तर एवढें कळलें नसतें.

अशा थराचें वय ठरवावयाचें तें वरखालच्या लाव्हावरून. लाव्हांतील पोटॅशियमचा एक अंश अतिमंद गतीनें आर्गॉन वायूंत पालटतो; त्याचें प्रमाण मोजून हा काळ सहा कोटी वर्षांहून अधिक मागें जातो असें दिसतें. कार्बनचें मोजमाप येथें निरुपयोगी, कारण त्याची मजल सुमारें पन्नास हजार वर्षांपलीकडे जात नाहीं.

कार्बनाच्या मोजमापाचें क्षेत्र म्हणजे १८७८ सालीं प्रसिद्धीस आलेलें प्रिन्सेस डॉकमधील बुडालेलें वन. गोदी खणतांना ३८२ झाडें निघालीं. पैकीं २२३ उभींच होतीं, आणि लांकूड खैराचें होतें. झाडें वाहून आलेलीं असतीं तर तीं आडवीं पडलीं असतीं. मुळें मातींत रोवून समुद्रसपाटीखालीं उभीं होतीं, यावरून जमीनच खचली असें अनुमान निघालें. तीं उभीं होतीं हें खणणाऱ्यांनीं टिपून ठेविलें नसतें, तर आज त्यांचें मोल सरपणाहून अधिक झालें नसतें.

या बेटाचे हे साक्षीदार बहुधा बांधकामाच्या कुदळीनेंच उजेडांत आणिले. गेल्या कांहीं वर्षांत परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागीं उंच इमारती झाल्या, आणि गिरगांव, दादर, वरळी यांच्या पोटांतून भुयारी मेट्रो गेली. इतकें खोल खणण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा म्हणून छिद्रें पाडून दगडाच्या लांब कांड्या काढाव्या लागतात. काम झाल्यावर त्या टाकून न देतां, कोठल्या व किती खोलीवरच्या हें लिहून एखाद्या महाविद्यालयांत ठेविल्या, तर कोण्या नोबलास पुन्हां पाहावयास कांहीं उरेल. डबर एकदां भरावांत गेलें कीं त्यांतला साक्षीदार कायमचा मुका होतो.