लाईन आली, लाईन गेली

कारंजा तालुक्यातल्या कामरगावात रब्बीच्या दिवसांत सांजेला ओट्यावर बसलेली माणसं एकमेकांना विचारतात, "आज लाईन कवाची हाय?" हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, विहिरीवरचा पंप थ्री फेजवर चालतो, आणि कृषिपंपांना वीज वर्षानुवर्षं कधी दिवसा तर कधी रात्री, ठरावीक तास अशी पाळीपाळीने मिळत आली आहे. या प्रश्नातली लाईन म्हणजे वीज. पण त्याच ओट्यावर तासभर कान देऊन बसलं तर हाच शब्द आणखी किती वेषांत येऊन जातो! कोणाचा मुलगा आयटीआयच्या लाइनीला गेलेला असतो, कोणाचा जावई अकोल्याच्या पोलीस लाइनीत राहतो. रेशनच्या दुकानापुढे लाईन लागलेली असते, नाल्यावरून शेतापर्यंत पाइपाची लाईन टाकायची असते, वाया गेलेलं पोरगं एकदाचं लाइनीवर आलेलं असतं. शिवाय पीकविम्याचा फॉर्म ऑनलाईन झाला की नाही, ही चिंता असतेच. एवढे सगळे अर्थ इंग्रजीने तयार करून ठेवले होते आणि आपण ते जसेच्या तसे उचलले, असा सर्वसाधारण समज आहे. शब्दाची कुळी तपासली तर मला वेगळंच दिसतं. शब्द बाहेरून आला, हे खरं. पण त्याचे काही अर्थ मराठीने स्वतःच्या साच्यात घडवले आहेत, आणि ज्या साच्यात ते घडले तो साचा या शब्दाहून फार जुना आहे.

कुळीची सुरुवात एका पिकापासून होते आणि ते पीक वऱ्हाडाला परकं नाही. जवसाला लॅटिनमध्ये लिनुम म्हणत. जवसाच्या ताटांचा वाख काढून जो दोरा वळत, त्याला लिनेआ हे नाव पडलं. त्या दोऱ्याचा इंग्रजीत आलेला वंशज म्हणजे लाईन. लिननचं कापड आणि कोटाच्या आतलं लायनिंग ही त्याचीच भावंडं. जवसाचं शास्त्रीय नाव आजही लिनम असंच सुरू होतं. युरोपात धाग्यासाठी उंच वाढणारे वाण पेरतात. ताटं मुळासकट उपटायची, पाण्यात कुजवायची, कुटायची, विंचरायची आणि मग सूत कातायचं, असा तो खटाटोप. आपल्याकडे जवस बियांसाठी लावतात. त्याचं तेल खातात, त्याची चटणी भाकरीबरोबर वाढली जाते, आणि धाग्याचं काम कपाशीकडे असतं. म्हणून जवसातून दोरा निघू शकतो हे आपल्या लक्षात येत नाही. तिकडे मात्र त्या दोऱ्याने मोठी मजल मारली. दोरा ताणून धरला की सरळ रेघ मिळते, म्हणून लाईन म्हणजे रेघ. रेघेवर माणसं उभी केली की ती रांग. रांगेने तंबू ठोकले की ती लष्कराची वस्ती. आणि माणसाने धरलेला मार्ग म्हणजे त्याचा व्यवसाय. इंचाचा बारावा भाग मोजणाऱ्या एका बारीक मापालाही इंग्रज लाईनच म्हणत.

मराठीत हा शब्द वहीपेन्सिलीच्या वाटेने आला असता तर रेघ आणि ओळ या शब्दांना त्याने धक्का दिला असता. पण आज इंग्रजी शाळेत न गेलेलं मूल वहीत रेघा मारतं, कवितेची ओळ पाठ करतं. तिथे लाईन शिरलेली नाही. याचं कारण, तो आला ते व्यवस्थांच्या पाठीवर बसून. पहिली व्यवस्था फौजेची. मुंबईचं मरीन लाईन्स हे नाव तिथल्या सागरी पलटणीच्या बराकींवरून पडलं, नागपुरात साहेबलोकांच्या बंगल्यांची सिव्हिल लाईन्स झाली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शिपायांच्या खोल्यांची पोलीस लाईन झाली. दुसरी व्यवस्था रेल्वेची, आणि वऱ्हाडात तिचा ठसा सगळ्यांत खोल आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ नागपूरला पोचले. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस बंद पडून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पुढे याच कापसासाठी मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळ अशा अडीच फुटी रुंदीच्या छोट्या लाइनी निघाल्या. लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटलं. यवतमाळची लाईन ११३ किलोमीटरची होती. मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. आता ती गाडी बंद आहे, पण ज्या गावांतून रूळ जातात तिथे पत्ता सांगताना लाइनीच्या अलीकडे आणि लाइनीच्या पलीकडे हे शब्द अजून चालतात. याच रेल्वेने 'लाईन क्लिअर' दिलं. एकेरी रुळावर समोरून गाडी येऊ नये म्हणून पुढच्या स्टेशनची परवानगी आल्याशिवाय मागच्या स्टेशनमास्तरने गाडी सोडायची नाही, या नियमातला तो शब्द. आज जमिनीच्या सौद्यात किंवा सोयरिकीच्या बोलण्यात सगळ्या बाजूंची संमती मिळाली की 'लाईन क्लिअर' म्हणतात, तेव्हा म्हणणाऱ्याला रुळाची आठवण असो वा नसो, अर्थ तोच लागू पडतो.

आलेला शब्द भाषेने आपला केला की नाही, हे त्याच्या व्याकरणावरून ठरवावं. लाईन मराठीत स्त्रीलिंगी आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही, तेव्हा हे लिंग तिथून येणं शक्य नव्हतं. ओळ, रांग, रेघ, दोरी, तार या सगळ्या स्त्रीलिंगी शब्दांच्या शेजारी ती येऊन बसली आणि शेजारणींचं लिंग तिला लागलं, हाच उलगडा मला पटतो. तिचं अनेकवचन लाइनी होतं आणि सामान्यरूप होताना मधली दीर्घ ई ऱ्हस्व होते: लाईन, लाइनी, लाइनीत. हुबेहूब हाच फेरफार जमीन, जमिनी, जमिनीत यात होतो. जमीन हा शब्द फारसी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, त्यातले काही रुजलेही. तरी जमीन जागची हलली नाही, आणि आज तिला परकी म्हणणारा कुणबी वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. लाईन त्याच इयत्तेत बसली आहे.

आता ओट्यावरच्या त्या प्रश्नाकडे परत येतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथे आहे. पुण्या-मुंबईकडे वीज गेली की लाईट गेले म्हणतात. विदर्भात सर्रास लाईन गेली म्हणतात. यावर एक आक्षेप असा घेतात की हा नुसता अपभ्रंश आहे, अडाणी तोंडात लाईटची लाईन झाली. हा आक्षेप टिकत नाही. ज्या तोंडी लाईन आहे त्याच तोंडी लाईटही आहे आणि दोन्ही वेगळे आहेत. "लाईन हाय, पण लाईट लागून नाही राह्यला," असं म्हणणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं की तारेत वीज आहे आणि दिवा मात्र गेला आहे. अपभ्रंश झाला असता तर हे वाक्य बोलताच आलं नसतं. उलट शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर विजेला लाईट म्हणणं जास्त तोकडं आहे, कारण ते तिच्या एकाच कामावरून दिलेलं नाव आहे. विहिरीवर दिवा नसतो, पंप असतो. खांबावरून चार तारा येतात, डीपीवरून स्टार्टरपर्यंत पोचतात, एक फेज गेला तरी मोटर जळायची भीती असते. म्हणून शेतकरी पाहतो ती तार, आणि त्याचा शब्दही तारेचाच.

पण तार म्हणजे तारेतून येणारी वस्तू, ही उडी इंग्रजीने मारलेली नाही. वीज गेल्यावर इंग्रज माणूस 'लाईन गेली' अशा अर्थाचं वाक्य बोलत नाही. ती उडी मराठीत आधीपासून घातलेली होती. सकाळी नळाला पाणी आलं की आपण "नळ आले" म्हणतो. नळ भिंतीलाच असतो, येतं ते पाणी. तार खात्याचा निरोप दारात आला की घरातली माणसं "तार आली" म्हणून धास्तावत. तार खांबावरच असायची, यायचा तो मजकूर. ती सेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, पण बोलण्याचा साचा शाबूत राहिला. ज्यातून वस्तू वाहते त्याच्या नावाने वस्तूला हाक मारायची आणि ते नाव येणंजाणं या क्रियापदांना जोडायचं, असा हा साचा. नळ आले, तार आली, लाईन आली. तिसऱ्या वाक्यात शब्द नवा आहे, वाक्य जुनंच आहे. कोणी म्हणेल की बिहारकडेही वीज गेल्यावर लाइन कट गया म्हणतात, मग यात मराठीचं विशेष काय? विशेष मक्तेदारीत नाहीच. त्यावरून एवढंच कळतं की जिथे वीज दिव्यापेक्षा तारेच्या रूपाने माणसाच्या लक्षात आली, तिथे आपल्याकडच्या भाषांनी आपापल्या घरच्या साच्याने हेच केलं. त्याने माझ्या म्हणण्याला बळच मिळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी हलका मानत नाही. रांग, ओळ, मार्ग, वाहिनी असे नेटके शब्द असताना एका उसन्या शब्दाने सगळी घरं बळकावली तर भाषेतला बारकावा मरतो, असं भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे म्हणतात. सरकारने आपल्या परीने शब्द दिलेही. रेल्वेच्या पोलिसांच्या पाटीवर लोहमार्ग पोलीस लिहिलेलं असतं. महावितरणच्या कागदावर लाइनीची वाहिनी होते आणि लाईनमनचा जनमित्र. हे शब्द वाईट मुळीच नाहीत. वाहिनी तर सुंदर आहे, आणि दूरदर्शनच्या संदर्भात ती मराठीत छान नांदते आहे. तरीही मध्यरात्री शेतात फेज गेल्यावर कोणी वाहिनीची चौकशी करत नाही, कारण वाहिनी कागदावर आली तेव्हा लाईन शेतात येऊन बसली होती. शब्द वस्तूच्या आधी किंवा निदान वस्तूबरोबर पोचावा लागतो. रांग मात्र मेली नाही. "रांगेत उभे राहा" ही सूचना आजही दवाखान्यापासून बँकेपर्यंत लिहिलेली सापडते, मुलीबाळी दारापुढे रांगोळीच्या रेघाच ओढतात, आणि पंढरपूरला लाखांच्या रांगेला दर्शनबारी हा तिचा स्वतःचा शब्द आहे. मुंबईत एकेकाळी बसथांब्यावर क्यू लावत. साहेबाच्या देशातला तो खास शब्द असूनही खेड्यापाड्यांत पोचला नाही, लाईन पोचली. नुसत्या साहेबाच्या नकलेने शब्द रुजत असते तर हे उलट घडलं असतं.

बारकावा मरण्याची भीती जिथे खरी आहे ती जागा मला वेगळी दिसते: शेताचं तास. वऱ्हाडात पेरलेल्या पिकाच्या ओळीला तास म्हणतात. तिफनीने पाडलेली तासं, दोन तासांमधलं अंतर, डवऱ्याचा फेर, हा सगळा नांगरावखराच्या कामातून आलेला शब्दसंग्रह आहे. या रानात लाईन फौजेबरोबर आली नाही, रेल्वेबरोबर नाही, विजेबरोबरही नाही. ती आली ठिबकच्या नळ्यांबरोबर. मेन लाईन, सबमेन, लॅटरल, असा तो संच येतो आणि दुकानदार, बसवणारा पोरगा, अनुदानाचा अर्ज सगळे त्याच भाषेत बोलतात. मग नळीची लाईन जिथे पडते तिथे पिकाचीही लाईनच होते, आणि तास हा शब्द हळूहळू घड्याळापुरता उरतो. इथे मात्र मी शुद्धीवाल्यांच्या बाजूला आहे. विजेला मराठी माणसाकडे रोजचा शब्द नव्हता, तिथे लाईनने पोकळी भरली. पिकाच्या ओळीला शब्द होता, चांगला होता, आणि त्यात पेरणीची रीत साठवलेली होती. कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत ओळ लिहितात, तिथे विदर्भापुरतं तरी तास लिहायला काय हरकत आहे? मेन लाईन खुशाल मेन लाईन राहू द्यावी.

आणि एक जागा अशी आहे जिथे हा शब्द दोन हजार वर्षांचा फेरा मारून जिथून निघाला तिथेच येऊन ठेपला आहे. घराची भिंत उचलताना गवंडी दोन्ही टोकांना विटा बसवतो, ओळंब्याने त्या पारखतो आणि त्यांच्यामध्ये एक दोरा ताणून बांधतो. मधल्या विटा त्या दोऱ्याला धरून बसतात. वीट पुढे आली तर थापीच्या मुठीने ठोकून मागे सारायची. या दोऱ्याला गवंडी लाईनदोरी म्हणतात. लाईन म्हणजे मुळात दोरीच, तेव्हा हा जोडशब्द दोरी-दोरी असा होतो. कागदपत्र या शब्दासारखाच. गवंड्याच्या खिशात मापाचं सूतही असतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. संस्कृतात सूत्र म्हणजे शिवायचा धागा. त्या धाग्यापासून पाणिनीच्या नियमांना नाव मिळालं, नाटकाच्या सूत्रधाराला मिळालं, लाकडावर दोरा मारणाऱ्या सुताराला मिळालं, बातमीतल्या विश्वसनीय सूत्रांनाही मिळालं. तिकडे जवसाच्या दोऱ्याचं इंचाचं बारावं झालं, इकडे आपल्या धाग्याचं आठवं. कामरगावात किंवा कुठेही, अर्ध्या उभ्या भिंतीशी उकिडवा बसलेला गवंडी एक डोळा मिटून दोऱ्याकडे बघतो आणि पलीकडच्या टोकाला असलेल्या जोडीदाराला सांगतो, "लाईन दोन सूत आत घे."